रॉकेट सोडण्याआधी आभाळ कसं वाचायचं: विजेचा धोका, नव्याने आलेल्यांसाठी

रॉकेट टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न घालतो. आभाळ भरून आलंय, पाऊस लागलाय, पण सकाळपासून एकदाही वीज चमकलेली नाही. रॉकेट सोडायचं का? बहुतेकांचं उत्तर येतं, हो. वारा फार नसेल तर काय हरकत आहे?

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरवर असंच आभाळ होतं, आणि उत्तरही हेच निघालं. थंड हवेचा पट्टा सरकत होता, पाऊस होता, आसपास विजा चमकत नव्हत्या. चंद्राकडे निघालेल्या तीन अंतराळवीरांचं अपोलो १२ यान घेऊन सॅटर्न ५ रॉकेट ढगांत शिरलं. ३६.५ सेकंदांनी त्याला विजेने गाठलं आणि ५२व्या सेकंदाला पुन्हा. यानाला वीज पुरवणारे तिन्ही फ्युएल सेल एका झटक्यात जोडणीतून सुटले, धोक्याचे दिवे एकदम पेटले, जमिनीवर येणारे आकडे निरर्थक झाले. दुसऱ्या झटक्यात यानाची दिशा सांभाळणारा जायरोचा प्लॅटफॉर्म भरकटला. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या २६ वर्षांच्या जॉन एरन यांना असे विस्कटलेले आकडे आधी एका चाचणीत पाहिल्याचं आठवलं. त्यांनी एवढंच सांगितलं, 'एससीई टू ऑक्स', म्हणजे आकडे तयार करून पाठवणारी यंत्रणा पर्यायी पुरवठ्यावर टाका. यानातले कमांडर कॉनरॅड यांना तो स्विच आठवेना. त्यांचे सोबती अ‍ॅलन बीन यांना ठाऊक होता. त्यांनी तो टाकला आणि आकडे परत आले. सॅटर्नचा स्वतःचा मार्गदर्शन संगणक रॉकेटच्या वरच्या भागातल्या कड्यात, वेगळा होता. तो शाबूत राहिला, म्हणून तिघेही चंद्राच्या वाटेला लागले.

कॉलेजच्या रॉकेट टीममध्ये आलेल्यांसाठी आणि लाँच ऑपरेशन्समध्ये पहिली नोकरी धरलेल्यांसाठी हे लिहितोय. नियमांचे आकडे केप कॅनाव्हेरलचे (केनेडीलगतचा फ्लोरिडातला उड्डाणतळ, पुढे नुसतं 'केप') देतो, कारण ते उघड छापलेले आहेत आणि एकेक अपघात पचवून बांधलेले आहेत. मूळ नियमांना बारीक अपवाद पुष्कळ आहेत, ते इथे सगळे येणार नाहीत. तुमच्या तळाचे आकडे वेगळे असतील तर तेच पाळा.

पायरी १: रॉकेट वीज ओढून घेतं, हे पक्कं समजून घ्या

उंच झाडावर वीज पडते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. झाड जागेवर उभं असतं आणि ढग आपण होऊन वीज पाडतो. रॉकेटची गोष्ट निराळी आहे. धातूचं लांब, टोकदार शरीर आणि मागे तापलेल्या वायूंचा झोत. तो झोतही वीज वाहून नेतो. त्यामुळे विजेच्या लेखी रॉकेट आपल्याला दिसतं त्यापेक्षा कितीतरी लांब असतं. सॅटर्न ५ मुळातच ११० मीटर उंच होतं, झोत धरून त्याची लांबी कुठे गेली असेल याची कल्पना करा. ढगाच्या विद्युतक्षेत्रात असा लांबलचक वाहक शिरला की त्याच्या टोकांशी ते क्षेत्र अनेक पटींनी वाढतं, तिथली हवा फुटते आणि ठिणगीची वाट दोन्ही टोकांकडून पुढे सरकते. अपोलो १२च्या वेळचा ढग आपण होऊन वीज पाडण्याइतका भरलेला नव्हता. रॉकेटने ती ओढवून घेतली. इंग्रजीत याला ट्रिगर्ड लाइटनिंग म्हणतात, मी 'ओढवलेली वीज' म्हणतो.

हे फक्त कागदावरचं नाही. फ्लोरिडात कॅम्प ब्लँडिंग इथे शास्त्रज्ञ भरलेल्या ढगाखाली छोटी रॉकेटं मुद्दाम सोडत आले आहेत. रॉकेटमागे तांब्याची बारीक तार उलगडत जाते आणि तिचं दुसरं टोक जमिनीला जोडलेलं असतं. काही शे मीटर वर गेल्यावर वीज सुटते, तार वाफ होऊन जाते आणि त्याच वाटेने पुढचे झटके खाली येतात. हवी तेव्हा, हवी तिथे वीज पाडायची ही रीत आहे. आपलं काम नेमकं उलट आहे.

म्हणून 'वीज चमकत नाही' हे वाक्य उड्डाणाच्या परवानगीचं कारण होऊ शकत नाही. माझ्या टीमच्या चेकलिस्टमधून ते मी काढून टाकलंय.

पायरी २: ढग नुसता काळा-पांढरा पाहू नका, त्याचा माथा किती थंड ते पाहा

ढगात विद्युतभार तयार होतो तो प्रामुख्याने शून्याखालच्या पट्ट्यात. तिथे भुसभुशीत मऊ गारा, बर्फाचे बारीक स्फटिक आणि गोठायचं राहून गेलेले पाण्याचे थेंब एकत्र असतात. गारा आणि स्फटिक एकमेकांवर आदळतात आणि भाराची देवाणघेवाण होते. गारा जड, त्या ऋण भार घेऊन खाली राहतात. हलके स्फटिक धन भार घेऊन वर चढतात. ढगाचा माथा या पट्ट्यात पोचलाच नसेल तर तो दिसायला कितीही काळाकुट्ट असो, त्यात फारसा भार नसतो. आणि पोचला असेल तर तो कापसासारखा गोंडस दिसला तरी त्याच्यापासून लांब राहायचं.

तेव्हा उड्डाणाच्या दिवशी सकाळी पहिलं काम हे करा. त्या दिवशीच्या हवामान फुग्याच्या नोंदींवरून +५, ०, -१० आणि -२० अंश सेल्सिअस तापमान किती उंचीवर आहे ते काढा आणि चारही उंच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याकडे मे महिन्यात शून्याची पातळी साधारण साडेचार ते पाच किलोमीटरवर असते. मग दिवसभर रडारवर दिसणारा प्रत्येक ढगाचा माथा त्या चार आकड्यांशी ताडून पाहायचा.

केपचे नियम याच पायावर उभे आहेत. वर वाढणाऱ्या पुंजक्या ढगाचा माथा -२० अंशांहून थंड असेल तर रॉकेटचा मार्ग त्याच्यापासून किमान १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर लांब हवा. -१० अंशांहून थंड असेल तर किमान ५ सागरी मैल. माथा +५ अंशांहून थंड झाला की काही ठरावीक सवलती सोडल्यास त्या ढगातून जायचं नाही. थराच्या ढगांसाठी वेगळी मोजपट्टी: सुमारे १,४०० मीटर किंवा जास्त जाड थर असेल आणि त्याचा काही भाग ० ते -२० या पट्ट्यात येत असेल, तर त्यातून उड्डाण नाही.

नवी माणसं हमखास फसतात ती वादळी ढगाच्या पसरलेल्या माथ्यापाशी. मोठा गडगडाटी ढग वर जाऊन ऐरणीसारखा आडवा पसरतो आणि ते पांढुरकं पान वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर वाहत जातं. खाली ऊनसुद्धा पडलेलं असतं. मुलं म्हणतात, वादळ तर तिकडे लांब आहे. पण त्या पानात वादळातलाच भार असतो. वादळ विरल्यावर मागे राहिलेल्या ढगांच्या चिंध्यांचंही तसंच. केपवर या दोन्हींसाठी स्वतंत्र नियम आहेत.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. रॉकेट बर्फाच्या बारीक कणांच्या ढगातून वेगाने गेलं की घर्षणानेच त्याच्या पृष्ठभागावर भार साठतो आणि त्यातून होणाऱ्या ठिणग्या रेडिओ संपर्कात गोंधळ घालू शकतात. २७ ऑक्टोबर २००९ रोजी नासाचं एरिस १-एक्स हे चाचणी रॉकेट या धोक्यासाठीच्या नियमामुळे उडू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी उडालं.

पायरी ३: फील्ड मिलचा आकडा वाचायला शिका आणि तो निर्णयात धरा

ढगात किती भार आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते फील्ड मिल सांगते. यंत्र साधं आहे. एक धातूची तबकडी आणि तिच्यावर फिरणारा, अर्थ केलेला पात्यांचा पंखा. पातं तबकडीवर आलं की ती झाकली जाते, पुढे सरकलं की आभाळाला उघडी पडते. या उघडझापीमुळे तबकडीत जो बारीक प्रवाह येतो-जातो, त्यावरून जमिनीजवळचं विद्युतक्षेत्र कळतं. निरभ्र दिवशी हा आकडा मीटरला सुमारे १०० ते १५० व्होल्ट असतो. भरलेला ढग डोक्यावर आला की तो हजारांत जातो, बऱ्याचदा चिन्हही बदलतं. केपच्या परिसरात अशी तिसाच्या आसपास यंत्रं पसरलेली आहेत. पॅडपासून (रॉकेट सुटतं त्या चौथऱ्यापासून) ५ सागरी मैलांच्या आतल्या यंत्राचा आकडा अधिक किंवा उणे १,५०० व्होल्टच्या पलीकडे गेला की पुढची १५ मिनिटं उड्डाण नाही. काही ढगस्थितींत ही मर्यादा १,०००वरच येते.

समुद्राच्या लाटांचे तुषार, धुकं, धूळ यांनीही आकडा हलतो. त्यामुळे एका यंत्रावर जाऊ नका, शेजारची यंत्रंही पाहा. मात्र आकडा गैरसोयीचा आला म्हणून 'यंत्र बिघडलं असेल' असं म्हणण्याची घाई करू नका. यंत्र बिघडलंय हे सिद्ध होईपर्यंत आकडा खरा मानायचा.

असं मी इतकं ठासून सांगतो त्याचं कारण २६ मार्च १९८७. त्या दिवशी केपवरून अ‍ॅटलस-सेंटॉर ६७ हे रॉकेट अमेरिकी नौदलाचा दळणवळण उपग्रह घेऊन जोरदार पावसात उडालं. जमिनीवरच्या फील्ड मिल मोठे आकडे दाखवत होत्या, पण उड्डाणाचा निर्णय त्या आकड्यांशी बांधलेला नव्हता. सुमारे ४८ सेकंदांनी वीज ओढवली गेली. रॉकेटच्या संगणकाच्या स्मृतीतली एक नोंद बदलली, एवढंच नुकसान. त्या एका बदललेल्या नोंदीने इंजिनांना एकदम वळायचा हुकूम दिला, रॉकेट आडवं होऊन मोडलं आणि सुरक्षा अधिकाऱ्याने उरलेलं उडवून दिलं. समुद्रातून काढलेल्या नाकाच्या आवरणाच्या तुकड्यांवर विजेने जळाल्याच्या खुणा होत्या. आजचे काटेकोर वीज-नियम घडले त्यात या अपघाताचा वाटा फार मोठा आहे.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. अपोलो १२चा संगणक वाचला, अ‍ॅटलसचा नाही. मे २०१९ मध्ये रशियात प्लेसेत्स्कहून निघालेल्या सोयुझ रॉकेटवरही वीज पडली आणि ते उपग्रह घेऊन सुखरूप कक्षेत गेलं. एखादं रॉकेट वाचलं म्हणून नियम सैल करायचा नसतो.

पायरी ४: घड्याळ आणि वर्तुळ

वीज प्रत्यक्ष चमकली तर हिशेब सरळ आहे. उड्डाणमार्गापासून १० सागरी मैलांच्या आत वीज दिसली की ३० मिनिटं थांबायचं. मधे पुन्हा चमकली की घड्याळ पुन्हा शून्यापासून. एका माणसाच्या हातात वही द्या आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. वहीत दोनच रकाने हवेत: शेवटची वीज किती वाजता आणि कुठे.

गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो, गजबजाटात त्याहून कमी. म्हणजे कानावर गडगडाट आला तेव्हा वीज साडेअठरा किलोमीटरच्या वर्तुळात आधीच शिरलेली आहे. 'अजून लांब वाजतंय' असं म्हणत काम चालू ठेवणं हीच चूक. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. ते मोजा जरूर, पण शिरस्ता म्हणून. पळायचं की नाही हे त्यावर ठरवू नका.

महाराष्ट्रात उड्डाण करणाऱ्या टीमसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फार उपयोगाचं आहे. संस्थेच्या वीज-वेधी जाळ्यावरून ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. ४० किलोमीटरची सूचना आली की आवराआवर सुरू करा, २० ची आली की मैदान रिकामं असायला हवं. एप्रिल-मेमधला वळीव दुपारी तीननंतर पाहता पाहता उभा राहतो, म्हणून आता आमची सगळी उड्डाणं सकाळी अकराच्या आत उरकतात. मोठ्या रॉकेटांना अशी मोकळीक नसते. २७ मे २०२० रोजी दोन अंतराळवीर घेऊन आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालेलं, क्रू ड्रॅगन यानाचं माणसांसह पहिलं उड्डाण सुटायला सुमारे १७ मिनिटं उरली असताना विजेच्या नियमांमुळे थांबवलं गेलं. स्थानक गाठायचं तर सुटण्याची वेळ नेमकी तीच, ढग सरकायची वाट पाहता येत नव्हती. तीन दिवसांनी तेच रॉकेट उडालं.

पायरी ५: पॅडवरची माणसं आणि इग्नायटर

तुमचं रॉकेट किलोमीटरभरच वर जात असेल तर ओढवलेल्या विजेचा धोका त्यामानाने कमी असतो. खरा धोका उघड्या पठारावर, लोखंडी रेलशेजारी (सुटताना रॉकेटला सरळ धरणाऱ्या उभ्या पट्टीशेजारी) उभ्या असलेल्या माणसाला आणि त्याच्या हातातल्या इग्नायटरला.

इग्नायटर म्हणजे थोड्याशा प्रवाहाने पेटणारी वस्तू. वीज थेट त्यावर पडायलाच हवी असं नाही. जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअरवर चढतो, आणि त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात मोकळ्या पसरलेल्या तारेचा वेटोळा सापडला तर त्यात आपोआप प्रवाह उठतो. ९ जून १९८७ रोजी अमेरिकेत वॉलॉप्स बेटावर वीज पडली आणि पॅडवरची तीन छोटी रॉकेटं आपोआप पेटून सुटली.  कुणाला इजा झाली नाही.

म्हणून तारांची शिस्त: इग्नायटरच्या दोन्ही तारांची उघडी टोकं एकमेकांना पीळ देऊन जोडलेली ठेवायची, ती शेवटच्या क्षणी सोडायची. लाँच केबलही पीळदार जोडीची, जमिनीलगत, वेटोळे न करता. कंट्रोलरची चावी जोडणाऱ्याच्या खिशात. इग्नायटर बसवला की पॅडजवळ एकच माणूस.

एका मे महिन्यातली दुपार मला नेहमी आठवते. पठारावर आमचं तीन मीटरचं रेल उभं होतं, आणि तिसऱ्या वर्षातली एक मुलगी गुडघे टेकून क्लिप लावत होती. पश्चिमेला क्षितिजावर ढग चढला होता. इतका हलका आवाज आला की तो गडगडाट की लांबून जाणारा ट्रक, यावर दोघांचं एकमत होईना. मी म्हटलं, क्लिपा काढ, तारांना पीळ दे, चल. ती म्हणाली, "सर, दोन मिनिटं फक्त, परवानगीची वेळ संपेल." तिने पीळ दिला, इग्नायटर बाहेर काढून डब्यात ठेवला आणि आम्ही सगळे गाड्यांमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी पठारावर वीज पडली नाही, नुसता पाऊस पडला. परवानगीची वेळ गेली, उड्डाण तीन आठवडे लांबलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पुढच्या वर्षी ती मुलगी सेफ्टी ऑफिसर झाली, आणि क्लिपा काढायला तिने कधी माझ्या सांगण्याची वाट पाहिली नाही.

आडोसा म्हणजे पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली, पत्र्याच्या टपाची गाडी. मांडव, तंबू, झाड, रेलवर टाकलेली ताडपत्री हे आडोसे नव्हेत. गाडी कुठे उभी करायची हे सकाळीच ठरवा. चालत दोन मिनिटांत सगळे पोचले पाहिजेत.

मोठ्या पॅडवर हेच काम मनोरे करतात. केनेडीच्या ३९बी पॅडभोवती सुमारे १८० मीटर उंचीचे तीन मनोरे आहेत. त्यांच्यामध्ये तारा ताणून रॉकेटवर जणू छत्री धरलेली असते. वीज तारेवर पडते आणि रॉकेटला वळसा घालून जमिनीत जाते. पण ही छत्री उभ्या रॉकेटसाठी आहे. रॉकेट छत्रीबाहेर गेलं की पुन्हा पायरी १ ते ४.

पायरी ६: 'नाही' म्हणणारा माणूस आधी ठरवा

केपच्या नियमांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: धोका आहे हे कुणी सिद्ध करायचं नसतं. नियम मोडला जात नाहीये याचा स्पष्ट, खात्रीलायक पुरावा हवामानाच्या चमूकडे असावा लागतो. तो नसेल, रडार बंद पडलं असेल, ढगाच्या माथ्याची उंची कळत नसेल, तर उत्तर नाही. आणि सगळे नियम पाळले जात असूनही हवामान अधिकाऱ्याला आभाळ धोक्याचं वाटलं तर ते लाँच डायरेक्टरला सांगण्याचा मार्ग त्यांनी नियमातच लिहून ठेवलाय.

तुमच्या टीममध्ये हे एका माणसाचं काम असू द्या. तो माणूस मोटर किंवा एव्हिऑनिक्स (रॉकेटमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बनवणाऱ्यांपैकी नसावा. सहा महिने ज्या बोर्डावर रात्री जागवल्या तो उडताना पाहायची ओढ किती असते हे मी जाणतो. त्या ओढीवर निर्णय सोपवू नये. त्याने 'थांबा' म्हटलं की चर्चा नाही, मतदान नाही, आणि नंतर त्याला टोमणेही नाहीत.

पायरी ७: वीज पडून गेल्यावर

पॅडवर किंवा जवळ वीज पडली तर रॉकेट बाहेरून धड दिसतंय यावर विसंबू नका. ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिस शटल पॅडवर उभं असताना पॅडच्या वीज अटकाव यंत्रणेवर मोठी वीज पडली. यानाला ओरखडाही दिसत नव्हता, तरी तपासणीसाठी उड्डाण पुढे ढकललं. मधे एक वादळही येऊन गेलं आणि अखेर ९ सप्टेंबरला ते उडालं. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्टेमिस १ उभं असताना ३९बीच्या मनोऱ्यांवर विजा पडल्या. तिथे विजेची तीव्रता मोजणारी साधनं होती, आकडे कमी निघाले, म्हणून उलटगणती थांबवावी लागली नाही. मोजमाप असलं की निर्णय तासांत होतो, नसलं की सगळं उघडून पाहावं लागतं.

छोट्या टीमसाठी क्रम असा. शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं पुरी होईपर्यंत कुणीही पॅडकडे जायचं नाही. मग एकटा सेफ्टी ऑफिसर जाईल. आधी लाँच केबल कंट्रोलरपासून सुटलेली आहे ना ते पाहील, आणि मगच रेलपाशी पोचेल. रेलमध्ये राहून गेलेला इग्नायटर फेकायचा, पुन्हा वापरायचा नाही. पॅराशूट सोडणाऱ्या चार्जेसचे इग्नायटरही बदलायचे, कारण अपोलो १२च्या वेळी सगळ्यात जास्त काळजी याचीच होती की पॅराशूटचे स्फोटक बोल्ट शाबूत असतील का, आणि ते तपासायची सोय वर नव्हती. तुम्हाला आहे. फ्लाइट कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम परत वाचून मूळ प्रतीशी अक्षरशः जुळतोय का ते पाहा. नुसता चालू होतो म्हणजे ठीक आहे असं समजू नका, अ‍ॅटलसचाही चालूच होता. बॅटरीचा व्होल्टेज, प्रत्येक सेन्सरचा स्थिर आकडा, जीपीएसचं लॉक, सगळं उड्डाणाच्या सकाळी लिहिलेल्या आकड्यांशेजारी लिहा. एखादा आकडा जुळला नाही तर रॉकेट रेलवरून उतरवून वर्कशॉपमध्ये न्या आणि सहीसाठी वही सेफ्टी ऑफिसरकडे द्या.